कशाच्या पावलांनी

दुकानात शिरताना दाराशी उभी असलेली बाई तुम्हाला काय म्हणाली, हे तुम्ही बाहेर पडेपर्यंत विसरलेले असता. विसरावंच, त्यात काय लक्षात ठेवायचं! मीही विसरते. पण साडेचार वर्षं मीच ती बाई होते, बंगळूरला, इंदिरानगरमधल्या एका तीन मजली कापडदुकानात. आणि त्या दाराशी मी काय काय म्हणाले ते मला अजून पाठ आहे. जे म्हणाले नाही तेही.

लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा नवऱ्याला कॉम्प्युटरची नोकरी होती आणि मला काहीच नव्हतं. के. आर. पुरमला भाड्याचं घर. तो सकाळी सातला कंपनीच्या बसनं जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. शेजारीण चांगली होती, पण आमचं बोलणं 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं, याच्या पुढं जाईना. तीही हसायची, मीही हसायचे, मग दोघी आपापलं दार लावून घ्यायचो. चार महिन्यांत मी कुकरशी बोलायला लागले. एकदा नवऱ्यानं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरातली नोकरीची जाहिरात आणून माझ्यापुढं ठेवली.

मुलाखत मॅनेजरनी घेतली. पन्नाशीचे, जाड मिशांचे, कन्नडच्या चालीवर हिंदी बोलणारे गृहस्थ. "हिंदी? इंग्लिश?" मी म्हटलं दोन्ही. "कन्नडा?" मी म्हटलं, "स्वल्प." ते जोरात हसले आणि मला नोकरी लागली.

काम म्हणजे दुकानाची साडी नेसून काचेचं दार उघडायचं, हसायचं आणि येणाऱ्याला शुभेच्छा द्यायच्या. एरवी नमस्कारा. सण आला की सणाचं वाक्य. मॅनेजर कन्नडमधून सांगायचे, मी तळहातावर देवनागरीत लिहून घ्यायची. युगादीचं वेगळं, दसऱ्याचं वेगळं, डिसेंबरात ख्रिसमसचं, ईदेला ईदेचं. कुणाला कोणतं म्हणायचं तेही त्यांनी शिकवलं. "पहले माथा देखो, फिर गला, फिर पाँव." कुंकू, मंगळसूत्र, जोडवी, क्रॉस, बुरखा, टोपी. एका सेकंदात ठरवायचं आणि बोलायचं. मला ते फार जमायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्वच होता. ज्या गावात मला भाजीवाल्याशी धड घासाघीस करता येत नव्हती, तिथं बायका माझ्या तोंडून हब्बद शुभाशयगळु, सणाच्या शुभेच्छा, ऐकून थांबायच्या, माझ्या गालाला हात लावायच्या. तेवढ्यापुरती मी कुणाची तरी असायची.

माझं आणि कॅलेंडरचं बिनसलं ते गौरीच्या वेळी. तिकडची गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी येते. म्हणजे नेमका आमच्या हरतालिकेचा दिवस. मॅनेजरनी सगळ्यांसाठी डबा भरून ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळीच, घरून आणलेली, आणि मी सकाळपासून पाण्यावर. "गौरी हब्बा है और तुम उपवास करता है?" त्यांना वाटलं मला घरी कुणी छळतंय. मी दिवसभर सुकलेल्या ओठांनी गौरीच्या शुभेच्छा दिल्या, आणि पुढे गणपती होऊन तिसऱ्या दिवशी आमच्या गौरी यायच्या तर गावात त्याचा मागमूस नाही. हारवाल्यापाशी झेंडूसुद्धा शिळा.

आमच्या पुण्याच्या घरी दोन खोल्या होत्या. तरी गौरी आणायच्या म्हणजे थाट. आई दाराबाहेर पदर घेऊन उभी राहायची, ताम्हनात दोन मुखवटे, वर नवा खण झाकलेला. मी आत. सात वर्षांची असल्यापासून तो मान माझा. मी विचारायचं, "गौर आली?" आई म्हणायची, "आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी, रुप्याच्या पावलांनी आली." "काय घेऊन आली?" "लेकराबाळांना आयुष्य घेऊन आली." मग एकेक पाऊल आत. रांगोळीच्या पावलांवरून. एरवी दिवसभर माझ्यावर ओरडणारी आई त्या वेळी मला इतक्या गंभीरपणे उत्तरं द्यायची की मला हसू यायचं आणि रडूही यायचं. माझं लग्न झालं त्याच वर्षी भावाचंही झालं. आता वहिनी विचारते. तिचा हक्कच आहे, मी काही म्हणत नाही. सासरी गौरी नाहीत, खड्याच्यासुद्धा नाहीत. मग माझं काय? रजा मागितली तर मॅनेजर म्हणाले, गणपतीत सगळं गाव खरेदीला येतं, तुला रजा कुठली.

सत्त्याण्णव साल. आमच्या गौरींच्या आवाहनाचा दिवस, सकाळचे दहा-साडेदहा. मी दाराशी उभी होते पण मन पुण्यात. आता आईनं ताम्हन घासलं असेल, आता वहिनी उंबऱ्यावर पाणी घालत असेल, असं चाललेलं. तेवढ्यात एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, इरकली लुगड्याच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोन्ही हातांनी छातीशी एक कापडी पिशवी धरलेली, बाळ धरावं तशी. मी दार उघडलं. पिशवीच्या तोंडातून खण सरकला होता आणि आतून चांदीचं एक नाक दिसत होतं, नाकात नथ.

माझ्या तोंडून निघून गेलं, "गौर आली?"

त्या जागच्या जागी थबकल्या. एक पाय आत, एक बाहेर. मी जीभ चावली. पण त्यांनी तो आतला पाय मागं घेतला, डोक्यावर पदर घेतला, नीट सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी, रुप्याच्या पावलांनी आली."

शब्दन् शब्द आमच्या घरचा.  "काय घेऊन आली?" मी विचारलं.

"लेकराबाळांना आयुष्य घेऊन आली," त्या म्हणाल्या, आणि उजवं पाऊल आत टाकलं. मग माझ्याकडं बघून, "अग बाई! मराठी काय गे तू? कुठलं ऊर, गाव कुठलं तुझं?"

मी त्यांना काकू म्हणायला लागले तर त्या म्हणाल्या, "काकू नको गे, अक्का म्हण. इथं आम्हाला सगळी अक्काच म्हणतात." राहायला चामराजपेटेत. त्यांची माणसं इकडं येऊन तीन-साडेतीनशे वर्षं झालीत म्हणे. पुणं त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. मराठी घरातलं, त्यात कन्नड कालवलेलं. चांदीचे मुखवटे वर्षभर इंदिरानगरला धाकट्या जावेच्या कपाटात राहत, आणि दरवर्षी आवाहनाच्या सकाळी अक्का येऊन ते घेऊन जात, कारण गौरी बसायच्या त्या थोरल्या घरीच. वाटेत दोन खण घ्यायला म्हणून त्या आमच्या दुकानात शिरल्या होत्या.

मी त्यांना खणांच्या काउंटरपाशी नेलं, स्टूल दिलं. त्या बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "दोन वर्षांनी कुणी विचारलं गे मला." लेक विचारायची, ती लग्न होऊन अमेरिकेला गेली. सून गुणाची, पण ती कन्नड घरातली. तिची गौरी गणपतीआधी येऊन गेलेली असते, आणि आमची येते त्या दिवशी ती ऑफिसात. मुलाला विचार म्हटलं तर तो हसतो. "पहिल्या वर्षी मीच बाहेरून विचारलं आणि मीच उत्तर दिलं, येड्यासारखं. गेल्या वर्षी विचारलंच नाही. गुपचूप आत नेऊन बसवलं. वर्षभर मन खात होतं बघ. न विचारता आणली तर ती काय आली म्हणायची? ती नुसती उचलून ठेवली."

खण घेऊन निघताना त्यांनी माझा हात धरला. "पुढल्या वर्षी मी ह्याच दारात येते. तू विचार. मग इथून घरी नेते."

"चालतं का असं, अक्का?"

"का नाही चालत? दार कुणाचं का असेना. विचारणारं माणूस पाहिजे. विचारशील ना? विसरायची नाहीस?"

"विसरेन कशी?" मी म्हटलं. आणि त्या वर्षभर मी खरंच विसरले नाही. फोनवर आईलाही सांगितलं. आई म्हणाली, तुझी गौर तिकडं पोचली गं बाई. आम्ही दोघी फोनवर रडलो, मग फोनच्या बूथवाल्याकडं बघून मी रडणं आवरलं.

आता माझ्या हुशारीची गोष्ट. जानेवारी महिना, रमजान चालू. दारात एक गृहस्थ आले. भरघोस दाढी, काळे कपडे, खांद्यावर शाल, आणि थंडी होती म्हणून कपाळ झाकणारी माकडटोपी. माथा दिसला नाही, गळा दिसला नाही, तरी मी माझ्या त्या एका सेकंदात ठरवून टाकलं. छान हसून म्हटलं, "रमजान मुबारक!" शबरीमलैच्या अय्यप्पाचं व्रत घेतलेले लोक महिना-दीड महिना काळं नेसतात, दाढी वाढवतात, अनवाणी हिंडतात, त्यांना सगळे स्वामी म्हणतात, हे मला पुण्याच्या शहाणीला कुठं माहीत! पायांकडं बघायचं तेवढं विसरले. ते गृहस्थ स्वतः खळखळून हसले, म्हणाले, "सेम टू यू." पण त्यांच्याबरोबरचे सासरे पेटले. आमच्या स्वामींना तुमच्या दुकानात असं बोलतात? मॅनेजर घामाघूम. ते आजोबा अर्धा तास आरडाओरडा करून एक रुमालसुद्धा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी मालकांचा हुकूम आला. यापुढे दारात कुठल्याही सणाचं नाव काढायचं नाही. बारा महिने तेरा काळ एकच: गुड मॉर्निंग, वेलकम. दुपारनंतर गुड इव्हनिंग. जाताना थँक यू, व्हिजिट अगेन. भाषा इंग्रजीच, म्हणजे कुणाला लागायला नको. मॅनेजरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मालक तुला काढायलाच निघाले होते, मी कसंबसं थांबवलंय. पुन्हा काही झालं तर माझ्या हातात नाही.  पगाराचं सोडा हो. मला तो कुकर दिसायला लागला.

माझा मात्र तिळपापड झाला. दुपारी डबा खाताना मी बिलिंगच्या मुलीपाशी तणतणले. ती शिवाजीनगरची, मुसलमान, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मला वाटलं ती तरी माझी बाजू घेईल, मी तिच्याच सणाच्या शुभेच्छा देऊन फसले होते. ती शांतपणे म्हणाली, "अच्छाच हुआ." मी डबा बंद केला. ती म्हणाली, "तू दारात माणसाला पायापासून डोक्यापर्यंत बघतेस आणि मग ठरवतेस हा कोण. मी जिथं जाते तिथं लोक मला तसंच बघतात. आधी बघतात, मग बोलतात. गुड मॉर्निंगला काही बघावं लागत नाही." वर म्हणाली, "आणि ते आजोबा का चिडले ते तू बोलतच नाहीस. मुबारक म्हटल्यानं कुणाचं काय जातं? पण गेलं ना त्यांचं काहीतरी."

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिचं बरोबर होतं हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर राग आला. पण माझंही काही अगदीच चूक नव्हतं, असं मला आजही वाटतं. त्या नव्या वाक्यात कुणी दुखावत नव्हतं, आणि कुणी थांबतही नव्हतं. गालाला हात लावणाऱ्या बायका बंद झाल्या. युगादी आली आणि गेली, मी गुड मॉर्निंग. वरमहालक्ष्मीला बायका नटून-थटून येत, मी गुड मॉर्निंग. कधी कधी वाटायचं, मी उभी नसते आणि दाराला एखादी घंटी लावली असती तरी चाललं असतं.

श्रावण संपला तशी माझी झोप उडाली. अक्का येणार. नवऱ्याला म्हटलं, काय करू? तो म्हणाला, मॅनेजरला सांग ना सरळ. मी म्हटलं, काय सांगू? एक बाई येईल, मी तिला मराठीत विचारीन तुझी पावलं कशाची? तो म्हणाला, हो, असंच सांग. पुरुषांचं सगळं सोपं असतं. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. मॅनेजर कामात, चेहरा त्रासलेला. शेवटी मी ठरवलं की आयत्या वेळी बघू, हळूच विचारू, कुणाच्या कानावर जायचं नाही.

आवाहनाच्या सकाळी निरोप आला की मालक येणार आहेत. अकराला म्हणाले होते. मॅनेजर दहापासून दाराशी येरझाऱ्या घालत होते. साडेदहा वाजले असतील. अक्का रस्ता ओलांडून येताना मला लांबूनच दिसल्या. तेच इरकली, नव्हे, नवं होतं, हिरवंगार. या वेळी पिशवी नव्हती. चक्क ताम्हन आणलं होतं, वर खण झाकलेला. बाई जावेच्या घरून भर रस्त्यातून तशी चालत आली होती.

त्या दारासमोर येऊन थांबल्या. आत शिरल्या नाहीत. पदर डोक्यावर घेतला, ताम्हन दोन्ही हातांत नीट धरलं आणि माझ्याकडं बघून हसल्या.

मी दार उघडलं. मॅनेजर माझ्यापासून चार हातांवर. 

"गुड मॉर्निंग मॅडम. वेलकम."

अक्कांचं हसू तसंच राहिलं. त्यांना वाटलं मी ओळखलं नाही. त्यांनी एका हातानं ताम्हन सावरलं आणि दुसऱ्या हातानं खणाचं टोक जरासं उचललं. दोन्ही गौरी दिसल्या. नथा नव्या होत्या. मी डोळ्यांनी त्यांना सांगायला बघत होते, अक्का, आत या, एकदा आत या, खणांच्या काउंटरपाशी विचारते. पण डोळ्यांनी असलं काही सांगता येतं का? तोंडानं मी म्हटलं, "प्लीज कम इन, मॅडम."

त्यांनी खण परत झाकला. हळूच, चारी बाजूंनी. मग अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." आणि जरा थांबून, "नाही गे, आत काही काम नव्हतं."

त्या वळल्या. त्या वळल्यावर मी काय म्हणाले असेन? थँक यू, व्हिजिट अगेन. सवयीनं. देवाशप्पथ सवयीनं गेलं तोंडून.

मॅनेजरनी मान वळवली. "वो अम्मा अंदर क्यों नहीं आया?" तेव्हा मला रडू फुटलं आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, गौरी, उंबरा, गेल्या वर्षीचं वचन, सगळं. ते ऐकत होते तशी त्यांची मिशी थरथरायला लागली. "अय्यो!" ते म्हणाले. "बोलने का ना, मा! गौरी को दरवाजे में कौन रोकता है? मैं क्या राक्षस है?" आणि स्वतः दार धरून म्हणाले, "भागो."

मी धावले. दुकानाची साडी, उंच टाचांच्या चपला. रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, बसथांब्यावर पाहिलं, दोन रिक्षांत वाकून पाहिलं. जाऊबाईंचं घर कुठल्या क्रॉसला, म्हणजे कुठल्या आडरस्त्याला, ते मी कधी विचारलंच नव्हतं. चामराजपेटेत मी पुढं दोनदा गेले. मराठी लोकांचं घर विचारलं तर लोकांनी इतकी दाखवली की मी थकले. अक्का म्हणून विचारलं तर प्रत्येक घरात एक होती.

मालक त्या दिवशी आलेच नाहीत.

पुढची दोन वर्षं त्या एका दिवशी मॅनेजर दाराकडं पाठ करून उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "आज कुछ भी बोलो." मी सकाळपासून रस्त्याकडं डोळे लावून उभी असायची. अक्का आल्या नाहीत. त्या सकाळी चामराजपेटेत पोचल्यावर त्यांनी काय केलं असेल, हेच माझ्या मनातून जात नाही. सून ऑफिसात, मुलगा हसणारा. दोन्ही हातांत ताम्हन, दाराची कडी काढायला तरी कुणी असेल का? त्यांनी ते खाली ठेवलं असेल, कुलूप काढलं असेल, आणि परत उचलून आत नेऊन ठेवलं असेल.